तरुण क्वार्टरबॅकच्या रक्षणासाठी ऑफेन्सिव्ह लाइन कशी उभारावी

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला पास फेकण्यापूर्वीच, चेंडू खेळात येतो त्या रेषेमागे पाडले, म्हणजे सॅक केले, तर गमावलेले यार्ड पुढच्या दोन-तीन प्रयत्नांत भरून काढता येतात. त्याच्या शरीरावर आणि खेळण्याच्या सवयींवर होणारा परिणाम मात्र टिकून राहतो. बावीस-तेवीस वर्षांचा खेळाडू वारंवार सॅक होऊ लागला, की त्याची नजर पास झेलण्यासाठी दूरवर धावणाऱ्या रिसीव्हरवरून सुटून अंगावर येणाऱ्या बचावपटूंकडे वळते, पाय स्थिर राहत नाहीत, चेंडू वेळेआधीच हातातून सुटतो; आणि ही सवय एकदा जडली, की पुढे चांगले संरक्षण मिळाले तरी ती सहजासहजी जात नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगमधील ज्या संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक निवडला आहे, त्याने कडेचे दोन टॅकल, त्यांच्या आतले दोन गार्ड आणि मधला एक सेंटर या पाच जणांच्या फळीवर (ऑफेन्सिव्ह लाइनवर) केव्हा, कोठे आणि कशा रीतीने खर्च करावा, हे येथे क्रमाने मांडले आहे. संघ चालवणाऱ्यांप्रमाणेच, आपल्या आवडत्या संघाच्या कारभाराची पारख करू इच्छिणाऱ्या अमेरिकेतील मराठी प्रेक्षकालाही या क्रमाचा उपयोग होईल.

सर्वांत पहिला नियम वेळेचा आहे. शक्य असेल तर फळीची उभारणी क्वार्टरबॅक येण्याच्या आधी सुरू करावी, आणि ते जमले नसेल तर त्याच्या पहिल्या दोन वर्षांत ती पूर्ण करावी. १९९८मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सने पेटन मॅनिंगला ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडले, तेव्हा टारिक ग्लेन आणि अ‍ॅडम मेडोज हे दोन टॅकल आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमधून संघात आलेले होते, आणि त्याच वर्षी हॉवर्ड मड यांच्यासारखा अनुभवी प्रशिक्षक फळीच्या कामावर रुजू झाला. मॅनिंगने त्या हंगामात २८ इंटरसेप्शन दिले, म्हणजे त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, आणि संघाने १६पैकी केवळ ३ सामने जिंकले, परंतु तो फक्त २२ वेळा सॅक झाला. चुका करण्याची आणि त्या चुकांतून शिकण्याची मुभा त्याला मिळाली. दुसऱ्याच हंगामात तोच संघ १३ सामने जिंकला.

याच्या नेमके उलट उदाहरण ह्यूस्टन टेक्सन्सचे आहे. २००२मध्ये नव्याने लीगमध्ये आलेल्या या संघाने डेव्हिड कारला ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडले आणि त्याच्या रक्षणाची भिस्त टोनी बोसेली या नामवंत लेफ्ट टॅकलवर ठेवली. खांद्याच्या दुखापतीमुळे बोसेली टेक्सन्ससाठी एकही सामना खेळू शकला नाही. कार त्या हंगामात ७६ वेळा सॅक झाला, आणि एका हंगामातील हा विक्रम अजूनही कायम आहे. ह्यूस्टनमधील ५ वर्षांत तो एकूण २४९ वेळा सॅक झाला. एखाद्या खेळाडूचा खांदा किंवा गुडघा पूर्ण बरा होण्याआधी त्याच्या एकट्याच्या भरवशावर सगळी फळी आखू नये, हा धडा त्यात आहे. वैद्यकीय अहवालाला खेळाडूच्या कीर्तीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

दोष नेमका कोणाचा, हे आधी ठरवावे

पैसे खर्च करण्यापूर्वी मागील हंगामातील प्रत्येक सॅकची चित्रफीत पाहावी आणि प्रत्येकाचे कारण वेगळे नोंदवावे. टॅकल किंवा गार्ड समोरासमोरच्या झुंजीत हरला का? दोन बचावपटूंनी जागा अदलाबदल करून आत शिरताना फळीतील दोघांचा ताळमेळ चुकला का? बचाव फळीने पाचपेक्षा जास्त माणसे पुढे पाठवली आणि मोकळ्या सुटलेल्या माणसाची जबाबदारी मुळातच क्वार्टरबॅकने चेंडू लवकर सोडण्याची होती का? रिसीव्हर मोकळे झालेच नाहीत का? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारताना अनेक जण कचरतात: क्वार्टरबॅकने चेंडू गरजेपेक्षा जास्त वेळ हातात धरला का?

हा शेवटचा प्रश्न टाळू नये, कारण सॅकच्या संख्येत क्वार्टरबॅकचा स्वतःचा वाटा मोठा असतो. महाविद्यालयीन मैदानावर बहुतेक बचावपटूंना चकवणारा तरुण व्यावसायिक खेळातही दबाव दिसताच मागे पळू लागतो. टॅकल मात्र क्वार्टरबॅक ठरलेल्या खोलीवर उभा राहील हे गृहीत धरून प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या वळणाने रेटत असतो. क्वार्टरबॅक आणखी चार यार्ड मागे सरकला, की बाहेर रेटलेला प्रतिस्पर्धी थेट त्याच्यापर्यंत पोहोचतो. अशा सॅकसाठी नवा टॅकल विकत घेणे व्यर्थ आहे. तेथे पावलांचा सराव आणि चेंडू लवकर सुटेल अशा पासांची आखणी हाच उपाय आहे.

शिकागो बेअर्सने २०२५मध्ये दोन्ही बाजूंनी काम केले, म्हणून त्यांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. २०२४मध्ये सर्वप्रथम निवडलेला केलेब विल्यम्स त्या पहिल्याच हंगामात ६८ वेळा सॅक झाला. त्यात फळीचा दोष होता, तसा चेंडू धरून ठेवण्याच्या त्याच्या सवयीचाही होता. पुढच्या वसंतात बेअर्सने जो थूनी आणि जोनाह जॅक्सन हे दोन गार्ड ट्रेडद्वारे, म्हणजे दुसऱ्या संघांशी देवाणघेवाण करून, आणले, ड्रू डालमन या सेंटरशी ३ वर्षांचा ४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला, आणि आक्रमणाची सूत्रे बेन जॉन्सन या नव्या मुख्य प्रशिक्षकाकडे दिली. त्या हंगामात विल्यम्सच्या सॅकची संख्या निम्म्याहून खाली आली.

पैसा केव्हा आणि कोणावर

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. २०२५मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार ४ वर्षांचा असतो, त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरलेलीच असते, आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी ठेवून घेण्याचा अधिकार संघाला असतो. क्वार्टरबॅक यशस्वी झाला, तर त्याचा दुसरा करार संघाच्या तिजोरीचा मोठा हिस्सा घेतो: २०२३मध्ये सिनसिनाटी बेंगल्सने जो बरोला दिलेला करार ५ वर्षांसाठी २७ कोटी ५० लाख डॉलरचा होता. म्हणजे फळीवर सढळ हाताने खर्च करण्याची संधी पहिल्या तीन-चार वर्षांतच असते. या काळात वाचलेला पैसा वयस्क रिसीव्हरवर उधळणारे संघ पाहिले, की मला मनापासून वाईट वाटते, कारण ती वर्षे परत मिळत नाहीत.

खर्च करताना फळीतील सर्वांत कमकुवत जागा आधी भरावी. रिसीव्हरांमध्ये एक उत्कृष्ट असला तर बाकीचे साधारण असूनही चालते, कारण पास त्याच्याकडे टाकता येतो. फळीत तसे होत नाही. चार जण उत्तम असले तरी प्रतिस्पर्धी संघ आपला सर्वांत ताकदवान बचावपटू पाचव्यासमोर आणून उभा करतो. त्यामुळे एका तारांकित टॅकलवर विक्रमी रक्कम ओतण्याऐवजी तीन जागा समाधानकारक करणे बहुधा अधिक लाभाचे ठरते.

लेफ्ट टॅकलचे महत्त्व अर्थातच खरे आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला असते, आणि न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरसारख्या बचावपटूंनी १९८०च्या दशकात त्या जागेचे मोल सर्वांना पटवून दिले. परंतु आजचे प्रशिक्षक आपला उत्तम पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) दोन्ही बाजूंना आणि मध्यभागीही फिरवत राहतात. डेट्रॉइटचा पेनेई सूएल आणि फिलाडेल्फियाचा लेन जॉन्सन या लीगमधील अव्वल टॅकलांनी राइट टॅकलच्या जागेवर नाव कमावले आहे. याशिवाय, कडेने आलेल्या दबावापुढे क्वार्टरबॅक पुढे सरकून वाचू शकतो. मध्यातून आलेल्या दबावापुढे त्याला सरकायला जागाच उरत नाही, आणि उंची कमी असेल तर समोरचे दिसणेही बंद होते. ५ फूट १० इंच उंचीचा ब्राइस यंग २०२३च्या पहिल्या हंगामात ६२ वेळा सॅक झाला, त्यानंतर कॅरोलायना पँथर्सने रॉबर्ट हंटला ५ वर्षांसाठी १० कोटी डॉलर आणि डेमियन लुइसला ४ वर्षांसाठी ५ कोटी ३० लाख डॉलर देऊ केले. दोघेही गार्ड आहेत, आणि यंगच्या बाबतीत तो निर्णय माझ्या मते अचूक होता.

टॅकल शक्यतो ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्यांत घ्यावेत, कारण चांगल्या टॅकलला त्याचा संघ सहसा सोडत नाही आणि फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजारात, उरलेल्यांना अवाच्या सव्वा किंमत मोजावी लागते. गार्ड आणि सेंटर फ्री एजन्सीतही मिळतात आणि ड्राफ्टच्या उत्तरार्धातही सापडतात. सेंटर मात्र शक्यतो अनुभवी असावा. चेंडू खेळात येण्यापूर्वी कोणी कोणाला अडवायचे, हे बहुतेक संघांत तोच पुकारतो. क्वार्टरबॅक आणि सेंटर दोघेही एकाच वेळी नवखे असले, तर चुकलेली हाक दुरुस्त करणारे कोणीच नसते.

बेंगल्स आणि चीफ्स

या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण सिनसिनाटीचे आहे. जो बरोला बेंगल्सने २०२०मध्ये सर्वप्रथम निवडले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले. पुढच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर टॅकल सूएलला घ्यावे की बरोचा महाविद्यालयीन सहकारी रिसीव्हर जामार चेसला, असा पेच होता. त्यांनी चेसला निवडले. तो असामान्य ठरला आणि संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला, म्हणून त्या निवडीला चूक म्हणता येत नाही. परंतु बरो नियमित हंगामात ५१ वेळा आणि प्लेऑफच्या चार सामन्यांत १९ वेळा सॅक झाला, त्यांपैकी ७ सॅक रॅम्सविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यातले होते, जो त्यांनी अवघ्या ३ गुणांनी गमावला. २०२२मध्ये अ‍ॅलेक्स कॅपा, टेड कॅरस आणि लाएल कॉलिन्स असे तिघे एकदम आणले गेले. तरीही जानेवारी २०२३मध्ये कॅन्सस सिटीविरुद्धच्या उपांत्य सामन्यापर्यंत कॉलिन्स, कॅपा आणि लेफ्ट टॅकल जोनाह विल्यम्स हे तिघेही जायबंदी झाले होते. बेंगल्स २३–२० असे हरले.

म्हणून सहावा आणि सातवा माणूसही पैसे देऊन मिळवावा. सहावा असा असावा, की त्याने दोन्ही बाजूंना टॅकल म्हणून प्रत्यक्ष सामन्यांची सुरुवात केलेली असेल. सातवा गार्ड आणि सेंटर या दोन्ही जागा सांभाळणारा असावा. लीगचा नियमही याला पोषक आहे: सामन्याच्या दिवशी ऑफेन्सिव्ह लाइनचे किमान ८ खेळाडू सज्ज ठेवले, तरच संघाला त्या दिवसासाठी ४८ खेळाडू सज्ज ठेवण्याची परवानगी मिळते.

कॅन्सस सिटी चीफ्सने याच प्रश्नाला धाडसी उत्तर दिले. फेब्रुवारी २०२१च्या सुपर बोलमध्ये दोन्ही नियमित टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते, क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स सामनाभर जीव वाचवत धावत राहिला आणि संघ ३१–९ असा हरला. काही महिन्यांतच चीफ्सने पाचही जागा बदलल्या: जो थूनीशी ५ वर्षांचा ८ कोटी डॉलरचा करार, ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरसाठी ट्रेड, ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री, सहाव्या फेरीत २२६व्या क्रमांकावर गार्ड ट्रे स्मिथ, आणि आधीच्या हंगामात न खेळलेला लुकस नियांग राइट टॅकलला. दोन वर्षांनी सुपर बोलमध्ये त्यांची गाठ नियमित हंगामात ७० सॅक करणाऱ्या फिलाडेल्फियाशी पडली. महोम्स त्या सामन्यात एकदाही सॅक झाला नाही.

प्रशिक्षक आणि सराव

फळीचा प्रशिक्षक खेळाडूंच्या आधी नेमावा आणि त्याच्या पद्धतीला साजेसेच खेळाडू घ्यावेत. बाजूला सरकत अडवणारा हलका, चपळ गार्ड समोर रेटून जागा करणाऱ्या पद्धतीत वाया जातो. फिलाडेल्फियाची फळी घडवणाऱ्या जेफ स्टाउटलंड यांच्यासारखा शिक्षक असेल, तर २०१८मध्ये सातव्या फेरीत घेतलेल्या आणि त्यापूर्वी रग्बी लीग खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जॉर्डन माइलाटाचाही अव्वल लेफ्ट टॅकल घडू शकतो. २०११च्या सामूहिक करारानंतर नियमित हंगामातील पॅड घालून होणारे सराव १४वर मर्यादित झाले आहेत, त्यामुळे पाच जणांची सवय एकमेकांना लावण्यास वेळ कमी मिळतो. जुळलेली पाच माणसे विनाकारण हलवू नयेत.

फळी परिपक्व होईपर्यंत योजनेने तिला आधार द्यावा: टाइट एंडने (फळीच्या टोकाशी उभा राहून अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या खेळाडूने) कडेच्या बचावपटूला जाता जाता धक्का द्यावा, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक मागे थांबवावा, स्क्रीन (रेषेमागेच दिलेला छोटा पास) आणि प्ले-अ‍ॅक्शन (चेंडू धावणाऱ्याला दिल्याचा आव आणून फेकलेला पास) यांचे प्रमाण वाढवावे. आधार आवश्यक आहे, तरी तो कायमचा पर्याय होऊ देऊ नये, कारण अडवायला थांबलेला प्रत्येक जण पास झेलण्यासाठी उपलब्ध नसतो.

उशीर किती महाग पडतो, हे पुन्हा इंडियानापोलिसमध्येच दिसले. मॅनिंगच्या जागी २०१२मध्ये अँड्र्यू लक आला. त्यानंतरच्या वर्षांत फळीसाठी काही खेळाडू आणले गेले, पण तुकड्यातुकड्यांनी. २०१५ची पहिल्या फेरीतील निवडही रिसीव्हरवर गेली. त्या हंगामात लकचा खांदा आणि मूत्रपिंड दुखावले, २०१७चा पूर्ण हंगाम बुडाला. २०१८च्या ड्राफ्टमध्ये क्वेंटन नेल्सन आणि ब्रेडन स्मिथ आले, आणि १६ सामन्यांत लक केवळ १८ वेळा सॅक झाला. ऑगस्ट २०१९मध्ये, सततच्या दुखापती आणि उपचारांना कंटाळून, वयाच्या २९व्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली.

व्यवहारात वर्षाचा क्रम असा ठेवावा: जानेवारीत सॅकची छाननी, त्यानंतर लगेच प्रशिक्षकाचा निर्णय, मार्चमध्ये फ्री एजन्सीतून गार्ड किंवा सेंटर, एप्रिलमध्ये टॅकल. ऑगस्टच्या अखेरीस ५३ जणांची यादी करताना फळीचे किमान ९ खेळाडू ठेवावेत, आणि इतर संघांनी त्या दिवशी सोडलेल्या टॅकलांची यादी रात्रीच तपासून घ्यावी.