नेटवर्क मॉनिटरिंगचा एजंट गप्प बसतो किंवा भलताच आकडा देतो? या चुका टाळा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून मे महिन्यात रोज दुपारी फोन यायचा. "भाऊ, तीन वाजले की ड्रॉइंगची फाइल उघडूनच नाही राहिली." मी लॅपटॉपवर ग्राफ उघडायचो. दोन इमारतींमधली लाइन १ जीबीपीएसची आणि ग्राफ कधी ४० एमबीपीएसवर, कधी ९० वर. लाइन तर मोकळी दिसत होती. आठवडाभर मी त्यांना सांगत राहिलो, नेटवर्कचं काही नाही, तुमचा फाइल सर्व्हर तपासा. आठव्या दिवशी देखभाल विभागातल्या दादांनी मला हाताला धरून रॅकपाशी नेलं आणि त्या पोर्टच्या दिव्याकडे बोट केलं. "हा बघा, थांबूनच नाही राहिला." स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या तारा जिथे जोडतात त्या पेटीत, थेट लॉगिन केलं, तर त्या पोर्टवरून ८७० एमबीपीएस वाहत होतं. त्याच मिनिटाला ग्राफवर आकडा होता ६८.

खोट एजंटात, म्हणजे स्विचमधून ग्राफला आकडे देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नव्हती. आम्ही त्याला त्याच्या कुवतीबाहेरचं विचारत होतो, आणि त्याने कुवतीत बसेल तेवढं उत्तर दिलं. अशा घोटाळ्यांमध्ये आठवडे जातात आणि भलत्याच माणसावर ठपका येतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्विच, राउटर, यूपीएस, सर्व्हर यांच्या आत बसून विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणारं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे एजंट. बहुतेक ठिकाणी तो एसएनएमपीने बोलतो, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना माहिती विचारायच्या ठरलेल्या पद्धतीने. मॅनेजर, म्हणजे आकडे गोळा करून ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर, यूडीपीच्या १६१ पोर्टवर विचारतो (हा पोर्ट म्हणजे नुसता क्रमांक, स्विचवरची खाच नव्हे), आणि एजंटाला आपणहून काही कळवायचं असेल तर तो १६२ वर ट्रॅप पाठवतो. एसएनएमपीची पहिली आवृत्ती आरएफसी ११५७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) म्हणून १९९० साली आली, व्ही२सी १९९६ साली आणि व्ही३चं आजचं मानक डिसेंबर २००२ मध्ये. तिन्ही आवृत्त्या आजही एकाच रॅकमध्ये शेजारी शेजारी चालताना दिसतात, आणि बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आता त्या ६८ चा हिशोब बघा. पोर्टवरून गेलेले बाइट मोजणारा जुना काउंटर ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजून झालं की तो पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर एका फेरीला पावणेसहा मिनिटं लागतात, म्हणून दर पाच मिनिटांनी विचारलं तरी चालून जायचं. १ जीबीपीएसवर ही फेरी ३४ सेकंदांत पूर्ण होते. पाच मिनिटांत काउंटर किती वेळा फिरला हे मॅनेजरला कळायला मार्गच नाही, तो जास्तीत जास्त एक फेरी धरतो. त्यामुळे खरी वाहतूक कितीही असो, असा ग्राफ ११४ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही. ८७० मधून सात पूर्ण फेऱ्या गळाल्या आणि ६८ उरले.

यावर उपाय म्हणून ६४ बिटांचे काउंटर केव्हाच आलेले आहेत. 'इफ-इन-ऑक्टेट्स' (पोर्टमध्ये आलेले बाइट) या काउंटरच्या जागी 'इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स' विचारायचं, आउटचंही तसंच. पण व्ही१ मध्ये ६४ बिटांचा काउंटर हा प्रकारच नाही. आमच्याकडे कोणीतरी जुन्या स्विचचा टेम्प्लेट, म्हणजे काय काय विचारायचं याची तयार यादी, नव्या स्विचला लावला होता आणि व्हर्जनच्या रकान्यात १ तसाच राहिला होता. तो २सी केला, काउंटर बदलले, आणि पंधरा मिनिटांत ग्राफ ८०० च्या वर गेला. १० जीबीपीएसच्या पोर्टवर आणखी एक जागा तपासा. 'इफ-स्पीड' हा आकडाही ३२ बिटांचाच, म्हणून तो ४.२९ जीबीपीएसवर अडकतो आणि वापराची टक्केवारी दुपटीहून जास्त दिसते. तिथे एमबीपीएसमध्ये वेग सांगणारं 'इफ-हाय-स्पीड' घ्या.

लाइट गेली, आली, आणि पोर्ट बदलले

नागपुरात उन्हाळ्यात एखादं वादळ आलं की लाइट जाते, आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असेल तर स्विचही बसतात. परत आल्यावर सगळं हिरवं दिसतं, पण 'मुख्य लाइन' नावाच्या ग्राफवर आता एखाद्या प्रिंटरच्या पोर्टचे आकडे येत असतात. एजंट प्रत्येक पोर्टला एक क्रमांक देतो, त्याला 'इफ-इंडेक्स' म्हणतात. एका रीबूटपासून पुढच्या रीबूटपर्यंत हा क्रमांक बदलायचा नाही, एवढंच बंधन मानकाने घातलं आहे. रीबूटनंतर तो बदलला तर एजंटाने नियम मोडला असं म्हणता येत नाही. म्हणून क्रमांकावर भरवसा ठेवून ग्राफ बांधू नका. पोर्टचं नाव किंवा आपण स्वतः लिहिलेलं वर्णन धरून बांधा. सिस्कोसारख्या स्विचवर 'इफ-इंडेक्स पर्सिस्ट'ची सेटिंग असते, ती चालू करा आणि कॉन्फिग सेव्ह करायला विसरू नका. सेव्ह न केलेली सेटिंग पुढच्या वेळी लाइट गेली की पुसली जाते, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

रीबूटचा विषय निघालाच आहे तर अपटाइमचंही सांगतो. 'सिस-अपटाइम' सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतो आणि तोही ३२ बिटांचा आहे, म्हणून ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. दीड वर्ष न थांबलेला स्विच 'आत्ताच रीबूट झाला' असा इशारा देतो आणि रात्री कोणाची तरी झोप मोडते. लिनक्सवर वेगळीच गंमत होते: हा आकडा मशीनचा नसून एजंट किती वेळ चालू आहे त्याचा असतो. एजंट रीस्टार्ट केला की सर्व्हर बंद पडल्याचा अलार्म वाजतो. सर्व्हरसाठी 'एचआर-सिस्टम-अपटाइम' विचारा.

उत्तरच येत नाही तेव्हा

टाइमआउट दिसला की लोक आधी एजंट रीस्टार्ट करतात, मग काढून पुन्हा टाकतात. तसं करू नका. व्ही१ आणि व्ही२सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, चुकली तर एजंट 'चुकली' असं सांगत नाही, प्रश्न सरळ टाकून देतो. त्यामुळे चुकलेली स्ट्रिंग, फायरवॉलची आडकाठी, परवानगीच्या यादीत नसलेला मॅनेजर आणि खरोखर बंद पडलेला एजंट, या चारही गोष्टी लांबून एकसारख्याच दिसतात.

मी आधी एजंटाच्या मशीनवर टीसीपी-डम्प (येणारे-जाणारे संदेश दाखवणारं साधन) लावतो आणि १६१ पोर्टवर बघत बसतो. प्रश्न पोहोचतोय का? नसेल तर वाटेत काहीतरी आहे, एजंटाला हात लावायचं कारण नाही. प्रश्न येतोय पण उत्तर निघत नाही? मग स्ट्रिंग, व्हर्जन किंवा परवानगी. उत्तर निघतंय तरी मॅनेजरला मिळत नाही? मग ते कोणत्या आयपीवरून निघतंय ते पाहा. दोन नेटवर्क कार्ड असलेल्या सर्व्हरवर प्रश्न एका पत्त्यावर येतो आणि उत्तर दुसऱ्यावरून जातं, आणि फायरवॉल ते अनोळखी समजून अडवते. या दहा मिनिटांत निम्म्या तक्रारी सुटतात.

उबंटू आणि डेबियन या लिनक्सवर नेट-एसएनएमपी हे एजंटाचं पॅकेज टाकलं की एजंट मुळात फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असतो, बाहेरच्यांना तो दिसतच नाही. तो पत्ता बदलला की पुढचा अडथळा येतो: मशीनचं नाव-गाव मिळतं, पण पोर्ट आणि डिस्कबद्दल काहीच येत नाही. कारण कॉन्फिगमध्ये 'सिस्टम-ओन्ली' नावाचा व्ह्यू, म्हणजे कोणती माहिती दाखवायची याची मर्यादा, लावलेला असतो. व्ह्यूमध्ये हवा तो भाग जोडा. एजंट अर्धवट आहे असं ठरवून दुसरं पॅकेज शोधत बसू नका.

विंडोजची एसएनएमपी सर्व्हिससुद्धा सुरुवातीला फक्त त्याच मशीनकडून आलेले प्रश्न घेते, आणि तिच्यात व्ही३ नाही. मायक्रोसॉफ्टने ती विंडोज सर्व्हर २०१२ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे वापरू नये अशी, ठरवली आहे. ऑडिटमध्ये 'सगळीकडे व्ही३ हवं' असं लिहून आलं, तर विंडोजसाठी वेगळा एजंट लागेल हे त्याच बैठकीत सांगून टाका.

आणखी एक, शून्य आणि 'माझ्याकडे नाही' यांत फरक करा. व्ही२सीमध्ये एजंट 'नो सच ऑब्जेक्ट' असं स्पष्ट म्हणतो. काही टेम्प्लेट त्याचं शून्य करून ग्राफवर सपाट रेघ ओढतात. एरर शून्य म्हणून आपण निवांत राहतो, आणि तो स्विच एरर मोजतच नसतो. नवीन डिव्हाइस जोडताना एकदा हाताने वॉक मारा, म्हणजे एजंटाकडचे सगळे आकडे क्रमाने विचारून घ्या, आणि जे टेम्प्लेट विचारतंय ते खरोखर येतंय का, हे डोळ्यांनी पाहून घ्या. फक्त जुन्या स्विचवर कामाच्या वेळी संपूर्ण वॉक मारू नका. त्याचा प्रोसेसर लहानसा असतो आणि मोठे टेबल वाचताना तो घायकुतीला येतो.

व्ही३ आणि कॉपी केलेली मशीन

सीताबर्डीतल्या एका ऑफिसात एकाच साच्यावरून चार व्हर्च्युअल मशीन बनवली होती. चौघांना व्ही३ लावलं. त्यानंतर कधी पहिलं मशीन उत्तर द्यायचं, कधी तिसरं. चारही एकदम हिरवी कधीच दिसली नाहीत. पासवर्ड तीनदा बदलून झाले होते.

व्ही३मध्ये प्रत्येक एजंटाला स्वतःचा इंजिन-आयडी असतो. एजंट किती वेळा सुरू झाला आणि शेवटच्या सुरुवातीपासून किती सेकंद झाले, याची नोंद मॅनेजर त्या आयडीच्या नावाने ठेवतो. वेळेत १५० सेकंदांहून जास्त फरक पडला की संदेश नाकारला जातो. मशीन कॉपी करताना इंजिन-आयडीही कॉपी झाला, आणि मॅनेजरच्या लेखी चार मशीनचं एकच मशीन झालं.

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकला तर वाया जातो. आधी एजंट थांबवा. चालू असताना त्याची 'वार' (var) नावाच्या फोल्डरमधली फाइल बदलली, तर बंद होताना तो जुनी माहिती पुन्हा लिहून टाकतो. मग त्या फाइलमधली 'ओल्ड-इंजिन-आयडी'ची ओळ काढा, यूझरच्या जुन्या ओळीही काढा, कारण किल्ल्या त्या आयडीवरूनच बनलेल्या असतात. यूझर नव्याने तयार करा आणि मगच एजंट सुरू करा. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा ठेवा.

व्ही३मध्ये एईएस-२५६ (संदेश कुलूपबंद करायची एक पद्धत) निवडलं आणि जमलं नाही, तर पासवर्डच्या मागे लागू नका. एईएस-१२८ आरएफसी ३८२६ मध्ये ठरलेलं आहे. १९२ आणि २५६ साठी मात्र किल्ली वाढवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती बाजारात आहेत, आणि एका पद्धतीचा एजंट दुसऱ्या पद्धतीच्या मॅनेजरला ओळखत नाही. मॅनेजरमध्ये दोन्ही पर्याय असतील तर आळीपाळीने लावून बघा, नसतील तर १२८ वर या.

एकक न बघता आकडा वाचणं

मागच्या उन्हाळ्यात, बाहेर ४५ अंश असताना, एका ठिकाणाहून घाबरा फोन आला: यूपीएसच्या बॅटरीचा व्होल्टेज ५४० दाखवतोय. यूपीएसच्या प्रमाणित एमआयबीत (कोणता आकडा काय सांगतो याची यादी), म्हणजे आरएफसी १६२८ मध्ये, बॅटरीचा व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या पटीत असतो. ५४० म्हणजे ५४ व्होल्ट, अगदी ठीक. फ्रीक्वेन्सीही तशीच, ५०० म्हणजे ५० हर्ट्झ. पण इनपुट व्होल्टेज पूर्ण व्होल्टमध्ये येतो, म्हणून सगळ्यांना सरसकट दहाने भागू नका. कंपनीची स्वतःची एमआयबी असेल तर तिची एककं वेगळी असू शकतात, ती फाइल उघडून वाचायलाच हवी.

मोठ्या डिस्कचंही असंच होतं. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगसाठी १६ टीबीची डिस्क लावली आणि आकार चुकीचा किंवा ऋण दिसू लागला, तर डिस्क खराब झालेली नाही. ४ केबीचे ब्लॉक धरून मोजताना हा आकडा ८ टीबीपुढे मावत नाही. नेट-एसएनएमपीमध्ये 'रिअल-स्टोरेज-युनिट्स' ० करा, गुणाकार बरोबर येईल.

एजंट अपग्रेड करण्याआधी

झॅबिक्स या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना एजंट नव्या सर्व्हरशी चालतो, पण सर्व्हरपेक्षा नवा एजंट चालवायला मान्यता नाही. म्हणून आधी सर्व्हर, मग एजंट. उत्साहाने पन्नास मशीनवर आधी एजंट चढवणारे भेटतात, त्यांना परत उतरवावं लागतं.

इतवारी-गांधीबागच्या दुकानांत बिलिंगसाठी विंडोज ७ अजून सापडतं. गो भाषेत लिहिलेले बरेच एजंट तिथे आता सुरूच होत नाहीत, कारण गो १.२१ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ पासून, किमान विंडोज १० किंवा सर्व्हर २०१६ लागतं. सेंटओएस ७ या लिनक्सवर 'जीलिबसी सापडली नाही' अशी ओळ येते. तिथली जीलिबसी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी, २.१७ ची आहे आणि एजंट त्याहून नव्यावर बांधलेला आहे. सिस्टमची जीलिबसी बदलायचा प्रयत्न चुकूनही करू नका, आख्खं मशीन बसेल. त्या सिस्टमसाठी बांधलेला जुना एजंट घ्या, आणि सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आहे हे मालकांना लेखी कळवा.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात आता रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. प्रत्येक डिव्हाइससमोर एसएनएमपीचं व्हर्जन, काउंटर ३२ की ६४ बिटांचा, इंडेक्स पर्सिस्ट सेव्ह केलं की नाही, आणि शेवटचा वॉक कोणत्या तारखेला मारला, असे रकाने आहेत. दर महिन्याला दादा एका पोर्टचा वेग स्विचमध्ये लॉगिन करून वाचतात, ग्राफशी ताडून बघतात आणि दोन्ही आकडे शेवटच्या रकान्यात पेनाने लिहितात.