वाय-फाय अडॅप्टर लावूनही रेंज जैसे थे? या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक म्हणजे यूएसबीवर चालणारा वाय-फाय अडॅप्टर थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये खोचून ठेवणं. तिथे तो टेबलालगत, लॅपटॉपच्या आडोशाला पडतो. त्यात शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टवर हार्ड डिस्क चालू असेल, तर तिचा रेडिओ गोंगाट नेमका वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो. फाइल कॉपी सुरू केली की नेट रखडतं, कॉपी संपली की पूर्ववत, असं होत असेल तर कारण हेच समजा.

एक-दोन मीटरची, चांगलं शील्डिंग (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) असलेली यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि अडॅप्टर उंचावर, मोकळ्या जागी न्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते, म्हणून वीतभर सरकवलं तरी फरक पडतो. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा आणि वाय-फाय अ‍ॅनालायझरमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघा; तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. नुसत्या सिग्नलच्या कांड्यांवर विसंबू नका. उणे ६७च्या आसपास व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो, उणे ८०ला जोडणी तुटायला लागते.

लांबवायची ती यूएसबी केबल, अँटेनाची नव्हे. अँटेनाच्या पातळ केबलमध्ये मीटरमागे एक-दोन डीबी (डेसिबल) सहज जातात आणि ३ डीबी गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली. अँटेना बदलताना जोडाच्या आत डोकावून बघाच: एसएमए आणि आरपी-एसएमए या दोन प्रकारच्या जोडांचे आटे एकमेकांत बसतात, पण मधली पिन जुळत नाही.

जास्त डीबीआयचा (डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोर देतो त्याचं माप) अँटेना दर वेळी फायद्याचा नसतो. उभ्या दांडीचा अँटेना शक्ती वाढवत नाही, ती आडवी पसरवतो. राउटर वरच्या मजल्यावर असेल तर उलट तोटाच.

नव्या अडॅप्टरचा ड्रायव्हर बसला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आतलं वाय-फाय कार्ड डिसेबल करा. नाहीतर लॅपटॉप जुन्याच कार्डावरून नेट चालवत राहू शकतो आणि दोष नव्याच्या माथी येतो. अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी खूणही काढा. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबवर तो लावू नका. वीज कमी पडली की मध्येच गायब होतो.

एवढं करून आकडा चांगला आला, तरी वेग नाही? मग चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातल्या तुमच्या राउटरच्या भागावर, गर्दी असू शकते. राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल निवडा.