मशरूम पावडरचा मसाला: वाळवणं नीट जमलं पाहिजे

सुक्या शिटाके मशरूमची पावडर घातली की साध्या सुपालाही भरीव चव येते. तिच्यातलं ग्वानिलेट आणि टोमॅटो, सोया सॉस किंवा मुरलेल्या चीजमधलं ग्लुटामेट ही चव भरीव करणारी दोन नैसर्गिक द्रव्यं एकत्र आली की चव कितीतरी पटीने खुलते. म्हणून पावडर यांपैकी कशाच्या तरी जोडीनेच वापरावी.

३० ग्रॅम सुकी मशरूम कोरड्या ब्रशने झटकून घ्या, धुऊ नका. ७० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवून पूर्ण गार करा. तुकडा कट्‌कन मोडला पाहिजे. नुसता वाकला तर आणखी वाळवा. बहुतेक वेळा पावडर बिघडते ती इथेच: सादळलेली मशरूम मिक्सरमध्ये चामट राहतात, बरणीत गुठळ्या होतात आणि पुढे बुरशी धरते. मिक्सर थांबून थांबून फिरवा, भांडं तापू देऊ नका. झाकण दोन मिनिटांनी उघडा, नाहीतर बारीक धूळ नाकात जाते. चाळून उरलेला भरडा पुन्हा दळा.

त्यात १५ ग्रॅम कोरडं मीठ, ५ ग्रॅम लसूण पावडर, २ ग्रॅम मिरपूड मिसळा. चौघांच्या सुपाला एक छोटा चमचा पुरे. जास्त झाला तर मातकट वास पुढे येतो. पदार्थातलं मीठ त्या मानाने कमी करा.

मसाला शिजतानाच घाला. कच्च्या शिटाकेने काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखं खाजरं पुरळ उठतं, त्यामुळे तयार पदार्थावर वरून भुरभुरवू नका. आणि बरणीत कायम कोरडाच चमचा.