रेसकार्ड वाचताना या चुका टाळा: महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींसाठी

कार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींचं छापील पत्रक, हातात पडलं की बहुतेकांचं पेन आधी घोड्याच्या नावाशेजारच्या आकड्यांवर जातं. 1 दिसला की गोल, 2 दिसला की बरोबरची खूण, 8 किंवा 9 दिसला की काट. दहा मिनिटांत सगळ्या शर्यतींचा 'अभ्यास' उरकतो. पण तो आकडा फक्त मागच्या शर्यतीचा निकाल सांगतो. घोडा कोणाबरोबर पळाला, पाठीवर किती वजन होतं, जमीन कशी होती, वळणावर कोणी अडवलं का, यातलं काहीच त्यात नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं, पण आकड्याला गोल करणं हे काही ते कौशल्य नव्हे.

हलकं वजन बघून भुलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर.

हँडिकॅप शर्यतीत घोड्याच्या ताकदीला रेटिंग, म्हणजे गुण, देतात आणि जास्त रेटिंगवाल्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवतात. आपल्याकडे रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. तिसऱ्या क्लासची शर्यत 40 ते 66 रेटिंगच्या घोड्यांची, दुसऱ्या क्लासची 60 ते 86 ची. आता 64 रेटिंगचा एक घोडा घ्या. तिसऱ्या क्लासमध्ये 66 वाल्याला 60 किलो धरले, तर याला 59. तो आरामात जिंकला आणि हँडिकॅपरने, म्हणजे रेटिंग ठरवणाऱ्याने, त्याला आठ पॉइंट चढवले. रेटिंग झालं 72, क्लास झाला दुसरा. तिथे 86 वाल्याला 60 धरले, तर याच्या वाट्याला 53 किलो येतात.

कार्ड बघणारा खूश: मागच्या वेळी 59 घेऊन जिंकला, आज तर सहा किलो कमी! प्रत्यक्षात त्याच जुन्या कंपनीत तो आज पळाला असता तर त्याला 63 मिळाले असते, म्हणजे चार किलो जास्त. सहा किलो उतरलेले दिसतात ते केवळ समोरचे घोडे वजनाच्या हिशेबात दहा किलोंनी सरस आहेत म्हणून. ही सूट नाही, त्याची बढती आहे. काही घोडे ती पचवतात, पण ते वजनाच्या रकान्यावरून कळत नाही.

उलटी गंमत 60 ते 66 या पट्ट्यातल्या घोड्यांची, कारण ते दोन्ही क्लासमध्ये बसतात. 62 रेटिंगचा घोडा दुसऱ्या क्लासमध्ये 48 किलो घेऊन सहावा आला. पुढच्या वेळी तोच तिसऱ्या क्लासमध्ये 58 घेऊन उभा. लोक म्हणतात, दहा किलो वाढले, कसला येतोय! रेटिंग तर तेच आहे. बदलली आहे ती संगत, आणि ती त्याच्या सोयीची झाली आहे. कार्ड चाळताना मी आधी हेच घोडे शोधतो. यांना भावही बरा मिळतो, कारण नावापुढे '6' दिसत असतो.

एक पुरवणी: वरच्या रेटिंगचा घोडा शर्यतीत नसेल तर सगळ्यांची वजनं सारखीच वाढवली जातात. त्यामुळे दोन शर्यतींतलं वजन थेट ताडून बघू नका, आधी रेटिंग बघा.

'ह्याने त्याला हरवलंय' एवढ्यावर थांबणं

हरवलं, पण कितीने? आणि तेव्हा कोणाच्या पाठीवर किती होतं? ढोबळ हिशेब असा धरतात: 1000-1200 मीटरच्या शर्यतीत एक लेंथ (घोड्याच्या लांबीएवढं अंतर) म्हणजे साधारण दीड किलो, 1600 ला एक किलो, 2400 ला त्याहून कमी. समजा 1200 मीटरला 'अ' ने 'ब' ला एका लेंथने हरवलं. तेव्हा दोघांवर 56 किलो होते. आज 'अ' वर 59 आहेत आणि 'ब' वर 56 च. तीन किलोंचा फरक म्हणजे कागदावर दोन लेंथ. 'ब' आज एका लेंथने पुढे असायला हवा.

हा हिशेब तंतोतंत कधीच उतरत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की 'हरवलंय ना मग आजही हरवणार' या ठाम वाक्याला खीळ बसते. 'अ' ने ती शर्यत लगाम खेचून धरत जिंकली असेल तर एक लेंथचा अर्थही बदलतो, म्हणून व्हिडिओ बघावाच लागतो.

वेळेवर आंधळा विश्वास

महालक्ष्मीला 1200 मीटरची शर्यत सत्तर सेकंदांच्या आसपास संपते आणि एका सेकंदात पाच-सहा लेंथ बसतात. त्यामुळे अर्ध्या सेकंदाने 'फास्ट' असलेला घोडा फार मोठा वाटतो. पण त्याच ओळीच्या आसपास आणखी दोन गोष्टी छापलेल्या असतात आणि त्या कोणी वाचत नाही.

पहिली पेनिट्रोमीटरची. जमिनीत दांडा किती रुततो त्याचं ते माप. आकडा मोठा म्हणजे जमीन मऊ. दुसरी फॉल्स रेल्सची. आतल्या बाजूचं गवत जपायला कठडा बाहेर सरकवतात आणि 'अमुक मीटरपासून विनिंग पोस्टपर्यंत सुमारे 7 मीटर' अशी ओळ येते. भूमितीच करा: वळण अर्धवर्तुळाएवढं असेल, कठडा सात मीटर बाहेर असेल आणि सुटण्याची जागा तीच ठेवली असेल, तर प्रत्येक घोड्याला सुमारे 22 मीटर जास्त पळावं लागतं. म्हणजे सव्वा सेकंदाहून जास्त वेळ. त्या दिवशीची वेळ 'स्लो' म्हणून घोड्यावर काट मारणं हा अन्याय आहे. पुण्याची वेळ मुंबईच्या वेळेशी लावणं तर निव्वळ वेळेचा अपव्यय.

हेच गणित एका घोड्यालाही लागतं. कठड्यापासून तीन मीटर बाहेरून तेवढंच वळण घेणारा घोडा नऊ मीटरहून जास्त पळतो, जवळजवळ चार लेंथ. तो तीन लेंथने हरला असेल तर निकालात पाचवा दिसेल, पण पुढच्या रविवारी आतला ड्रॉ (सुटण्याची जागा) मिळाला की बघण्यासारखा असेल.

जुलैत एप्रिलचा फॉर्म वाचणं

मुंबईचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. पुण्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जवळपास प्रत्येक घोडा विश्रांतीनंतर येतो, तोही कडक उन्हाळी जमिनीवरून थेट पावसाळी गवतावर. एप्रिलमध्ये लागोपाठ दोन शर्यती जिंकलेला घोडा इथे कितपत तयार आहे हे जुना फॉर्म सांगू शकत नाही. तेव्हा मॉक रेस (सरावाची शर्यत) आणि सकाळचं ट्रॅकवर्क यांना जास्त किंमत द्यावी. मऊ जमिनीवर तो आधी कधी चालला आहे का, हे मागच्या पुणे सीझनमध्ये शोधावं. पाऊस फारच झाला तर शर्यती पुढेही ढकलल्या जातात. तयारी एका दिवसासाठी, शर्यत दुसऱ्याच दिवशी, असं झालं की माझं मत आपोआप निम्मं कमकुवत होतं.

गॅलपची वेळ कोरडी वाचणं

पेपरात गॅलपची, म्हणजे सरावाच्या धावेची, ओळ येते: '800 मी.: अमुक घोडा (रा. बॉ.) 51, 600/38, मोकळा धावला.' वाचणारा 51 आणि 38 हे सेकंद उचलतो, बाकीचं सोडतो. खरी माहिती बाकीच्यात असते. वर रायडिंग बॉय (सरावापुरता स्वार) होता की जॉकी? वाळूचा आतला ट्रॅक होता की बाहेरचा? 'मोकळा धावला' की 'ढकलावं लागलं'? दोन सेकंदांनी हळू, पण हात न हलवता आलेला घोडा मला जास्त आवडतो. जोडीने काम केलं असेल तर जोडीदार कोण तेही बघा. पाचव्या क्लासच्या घोड्याला मागे टाकलं म्हणून डर्बीची स्वप्नं बघू नयेत. ट्रेनरची सवयही लक्षात ठेवावी: काही ट्रेनर प्रत्येक घोड्याला जोरात पळवून घेतात, काही घड्याळवाल्यांना काहीच दाखवत नाहीत.

सगळे पुढे पळणारे असतील तर?

एकच घोडा पुढे पळणारा असेल आणि बाकी सगळे मागून येणारे, तर तो स्वतःच्या चालीने पळतो आणि शेवटी त्याच्यात दम शिल्लक राहतो. तसे तीन असले की ते एकमेकांना जाळतात आणि चौथाच कोणीतरी बाहेरून येऊन जिंकतो. फॉर्मच्या आकड्यांत हे कुठेच नसतं. प्रत्येक घोड्याच्या नावापुढे 'पुढे', 'मध्ये', 'मागे' असा एक शब्द लिहिला तरी चित्र उभं राहतं.

अंतर

डिसेंबरमधल्या गिनीज शर्यती 1600 मीटरच्या, फेब्रुवारीतली इंडियन डर्बी 2400 ची. (सगळे घोडे 1 जानेवारीला कागदोपत्री एक वर्षाने मोठे होतात, म्हणून गिनीजमधले तीन वर्षांचे घोडे डर्बीत चार वर्षांचे असतात.) गिनीज जिंकलेला घोडा डर्बीत फेव्हरिट असतोच, पण त्याने 1600 चं अंतर कसं संपवलं ते बघायला हवं. शेवटच्या 200 मीटरमध्ये आखडत जिंकलेल्यापेक्षा, तिसरा येऊनही पोस्टनंतर सगळ्यांना ओलांडून जाणारा घोडा 2400 ला जवळचा. घराणं बघायचं असेल तर ते इथे बघा, 1000 मीटरच्या हँडिकॅपमध्ये नको.

नाव, टीप आणि भाव

मोठ्या जॉकीचं नाव दिसलं की भाव आधीच पडलेला असतो. जॉकी बदलला याची बातमी महत्त्वाची असू शकते, पण एकाच ट्रेनरचे दोन घोडे असताना पहिला जॉकी ज्यावर, तोच जिंकणार असं नाही. मालकाशी करार असला की त्याला निवड नसते. ॲप्रेंटिसला, म्हणजे शिकाऊ जॉकीला, वजनात सूट असते, तीही हिशेबात धरा. पॅडकमधल्या (शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेतल्या) टिपेबद्दल काय बोलायचं! ती तुमच्यापर्यंत पोहोचली म्हणजे बुकीपर्यंत केव्हाच पोहोचली.

भावाबद्दल मात्र नीट बोलायला हवं. घोडा जिंकेल असं वाटणं आणि त्या भावाला तो घ्यावा असं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी. तीनदा पळवला तर एकदा जिंकेल असा घोडा 'इव्हन'ला, म्हणजे लावले तेवढाच नफा देणाऱ्या भावाला, घेणं तोट्याचंच. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून रेसिंगच्या बेटिंगवर जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला आहे आणि 10,000 रुपयांच्या वरच्या जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के कर कापून घेतात. जॅकपॉट (अनेक शर्यतींचे विजेते ओळखणं) आणि तनाला (पहिले तीन घोडे क्रमाने ओळखणं) या पैजांचा विचार करताना हे आकडे समोर ठेवा. कार्ड कितीही चांगलं वाचता आलं तरी यातून घर चालत नाही. घरखर्चाचे पैसे यात आणायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

निवड चुकली, आता काय तपासायचं?

आधी स्टुअर्ड्सच्या, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, नोंदी काढा. घोडा उशिरा सुटला, अडवला गेला, खोगीर सरकलं, नाकातून रक्त आलं, लंगडत परतला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. खोगीर सरकलेल्याचा '9' पुसून टाका, रक्त आलेल्याचा अजिबात पुसू नका. नोंद काहीच नसेल तर व्हिडिओ लावून फक्त तुमच्याच घोड्याकडे बघत राहा, जिंकणाऱ्याकडे नको. वळणावर जागा मिळाली का? जागा मिळूनही वेग आला नाही का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर घोडा यादीत ठेवा. दुसऱ्याचं 'नाही आला' असेल तर रेटिंग दहा-बारा पॉइंट उतरेपर्यंत त्याला विसरा.

आणि शर्यतीच्या दिवशी कोण पळत नाही ते पुन्हा एकदा बघा. पुढे पळणारा एक घोडा गळला, की आदल्या रात्री केलेला वेगाचा अख्खा हिशेब नव्याने मांडावा लागतो.