सेव्ह केल्यावर फोटोचे रंग का बदलतात? या चुका टाळा

फोटोशॉपमध्ये हळदीचा पिवळा झकास दिसतोय, शालूचा हिरवा पण बरोबर आलाय, आणि जेपेग सेव्ह करून दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडली की सगळं फिकं, नवरी आजारी दिसायला लागते. मग परत जाऊन सॅच्युरेशन वाढवायचं. हे करूच नका! रंग बहुतेक वेळा फाईलमध्ये शाबूत असतात, फक्त त्यांचे आकडे (फाईलमध्ये प्रत्येक रंग आकड्यांतच लिहिलेला असतो) कसे वाचायचे हे समोरच्या सॉफ्टवेअरला कळलेलं नसतं.

कसंय, एडिटिंग चालू असतं ॲडोबी आरजीबी नाहीतर प्रोफोटोमध्ये (या कलर स्पेस, म्हणजे कुठल्या आकड्याचा कुठला रंग हे ठरवणारी मोजमापं; वेबची नेहमीची ती एसआरजीबी), तिथला हिरवा २५५, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा, हा एसआरजीबीच्या हिरव्या २५५ पेक्षा बराच भडक असतो, आणि फाईलला प्रोफाईल (कुठली कलर स्पेस आहे हे सांगणारी चिठ्ठी, हेच आयसीसी प्रोफाईल) जोडलेलं नसेल तर बाकीची दुनिया ती एसआरजीबी समजूनच दाखवते, म्हणून रंग मरतात. त्यामुळे वेबसाठी सेव्ह करायच्या आधी एडिट मेनूतून कन्व्हर्ट टू प्रोफाईल, तिथे एसआरजीबी, आणि सेव्ह करताना आयसीसी प्रोफाईलची टिक काढायची नाही (तीनेक केबी वाचवायला लोक काढतात, काय बोलायचं). लाईटरूमवाल्यांनी एक्स्पोर्टमध्ये कलर स्पेस एसआरजीबी आहे का बघा, बास.

आता खरी गोची. कन्व्हर्टच्या शेजारीच असाईन प्रोफाईल असतं आणि घाईत तेच दाबलं जातं. कन्व्हर्ट आकडे बदलून रंग सांभाळतं, असाईन आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतं, म्हणजे रंग डोळ्यांदेखत फिरतात. असाईन कामाचं फक्त फाईल बिनप्रोफाईलची आली आणि मूळ स्पेस माहीत असेल तेव्हा, आधी ते असाईन करा, मग कन्व्हर्ट. कॅमेऱ्यातून आलेल्या जेपेगचं नाव अंडरस्कोअरने सुरू होत असेल तर ती बहुतेक ॲडोबी आरजीबीच असते. रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) शूट करणाऱ्यांनी कॅमेऱ्यातल्या कलर स्पेसच्या सेटिंगचं टेन्शन घेऊ नका, रॉ डेटावर त्याचा परिणाम होत नाही.

फाईलचं सगळं ठीक असूनही फरक दिसतोय? मग स्क्रीन बघा. नाईट लाईट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) चालू राहिलेला असतो, किंवा वाईड गॅमट (जास्त भडक रंग दाखवू शकणाऱ्या) मॉनिटरवर एखादा साधा व्ह्यूअर प्रोफाईलकडे लक्षच देत नाही आणि सगळं उलट जास्त भडक दिसतं. तीच फाईल परत फोटोशॉपमध्ये उघडा, तिथे बरोबर दिसली तर फाईलला हात लावू नका.

प्रिंटला देताना मात्र लॅबला आधी विचारा, बरेच जण एसआरजीबीच मागतात, स्वतःच्या मनाने सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) करून पाठवू नका.