बाथरूमच्या टाइल फोडल्या आणि आत ओल निघाली, तर आधी हे करा

आमचं घर इंदूरला रामबागेत, जुनं विटांचं बांधकाम. बाथरूमच्या मागच्या भिंतीला स्वयंपाकघराचं कपाट लागून आहे आणि तिथे चार वर्षं पापुद्रे निघत होते. दर दिवाळीला पेंटर यायचा, खरवडून पुट्टी मारून जायचा आणि होळीपर्यंत भिंत परत फुगायची. यंदा बाथरूम नवीनच करायला काढलं, टाइल फोडल्या तर आतलं प्लास्टर नुसत्या बोटाने निघत होतं, विटा काळ्या पडलेल्या आणि दाराच्या चौकटीला खालून वाळवी. मिस्त्री म्हणाले, ताई केमिकल मारून वरून टाइल लावून देतो, चार दिवसांत मोकळं. मी नाही म्हटलं. काम दीड महिना चाललं, पण तुम्हालाही हेच सांगेन की पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय भिंत बंद करू देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करोत.

शोधायचं कसं, तर ओल कधी वाढते ते आठवडाभर बघा. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे हे ओळखणं सोपं जातं. फक्त नळ येतो त्याच दिवशी भिंत ओली झाली तर बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये गडबड आहे. रोज सारखीच ओली असेल तर टंकीवरून उतरणाऱ्या लाइनवर संशय घ्या, तिच्यात चोवीस तास पाणी भरलेलं असतं. आंघोळी झाल्यावर दोन-चार तासांनी ओल वर येत असेल तर पाइप नाही, निकासी बघा, म्हणजे नहाणी ट्रॅप (फर्शीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) आणि फर्शीचे सांधे. आणि फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाथरूमचा दोष नाहीच, बाहेरच्या भिंतीची भेग नाहीतर गच्ची बघायला हवी. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्याने पाया थोडा हलला तरी जमिनीतले सांधे सुटतात, हेही लक्षात असू द्या.

मग खात्री करून घ्या. रात्री सगळे नळ बंद करून टंकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी पाणी उतरलेलं असेल तर लाइन (किंवा फ्लशची टाकी) गळतेय. प्लंबरला सांगून लाइनची तोंडं बंद करून हातपंपाने प्रेशर टेस्ट करायला लावा, म्हणजे पाणी दाबाने भरून ठेवायचं, पंपावरचा दाबाचा काटा निदान तासभर जागेवरून हलता कामा नये. निकासीसाठी बादलीभर पाण्यात नीळ घालून फर्शीवर ओता आणि खालच्या किंवा पलीकडच्या भिंतीवर निळी झाक येते का बघा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कपाटामागे आली! नहाणी ट्रॅपच्या गळ्याभोवतीचं सिमेंट सुटलं होतं आणि प्रत्येक आंघोळीचं थोडं थोडं पाणी फर्शीखालच्या भरावात मुरत होतं. बऱ्याच घरांत दोषी हाच सांधा असतो, टाइलवर लोक हजारो रुपये घालवतात आणि या चार इंचांकडे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तोडफोडीच्या आधी गीझरसकट बाथरूमचे सगळे एमसीबी (बोर्डावरचे ऑटो स्विच) खाली पाडा, ओल्या भिंतीत वायर असू शकते. हातोडीच्या दांड्याने प्लास्टर ठोकत जा, पोकळ आवाज येईल तेवढं सगळं काढा, आणि ओल दिसते त्याच्या फूटभर पुढपर्यंत काढा. पांढरा लोणा (विटेतून वर आलेला क्षार) कोरड्याच तारेच्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत विटेत जातो. बुरशी असेल तर मास्क लावा, आणि टाइल साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, लहानशा बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

छताची किंवा स्लॅबची सळई उघडी पडली असेल तर सैल काँक्रीट काढून सळई चकचकीत होईपर्यंत घासा, गंजरोधक प्रायमर लावा आणि मग पॉलिमर मॉर्टरने भरा. पण सळई खाऊन बारीक झालेली दिसली तर तिथे मिस्त्रीचा सल्ला पुरत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आता सगळ्यात कंटाळवाणं काम, वाळवणं. नऊ इंची भिंत आठवड्यात वाळत नाही, आमची पंखा लावून आणि खिडकी उघडी ठेवून तीन आठवड्यांनी वाळली, तीही उन्हाळा होता म्हणून. फूटभर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा, २४ तासांनी आतून थेंब दिसले तर अजून थांबा.

वाळल्यावर जुने जीआय (लोखंडी) पाइप असतील तर अर्धे ठेवून अर्धे बदलू नका, सगळी लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) करा आणि बंद करण्याआधी प्रेशर टेस्ट परत घ्या. ट्रॅपच्या भोवती साधा माल भरू नका, न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा तयार माल) भरा. मग प्लास्टर, त्याला सात दिवस पाणी मारा. फर्शी आणि भिंत मिळते तिथे कोपऱ्यात गोला (सिमेंटची गोलाई) करून घ्या, त्यावर फायबरची जाळी, आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, मध्ये डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सोडून. भिंतीवर निदान फूटभर वर न्या, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर. उंबऱ्याखाली विसरू नका, आमची चौकट तिथूनच सडली होती, आता ग्रॅनाइटची बसवली.

टाइल लावायच्या आधी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा आणि पेन्सिलीने रेघ मारा. उन्हाने किंचित उतरेल तेवढं चालेल, खाली आणि पलीकडे ओलावा आला तर परत करायला लावा, त्याशिवाय मिस्त्रीचे पैसे चुकते करू नका. फर्शीला ट्रॅपकडे उतार दर चार फुटांना साधारण अर्धा इंच हवा. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट घाला, महाग पडतं पण पाणी पीत नाही.

आणि टाइल लागायच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजरिंग टेप धरून पाइपांचे फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आमच्याकडे परवाच टॉवेलच्या दांड्यासाठी ड्रिल मारताना तो फोटो उघडून बघावा लागला, लाइन दोन इंचांवर होती.