इलेक्ट्रिशियन ट्रेड करताना गणित, ड्रॉइंग आणि भाषा कशी शिकावी

दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला की मुलं प्रॅक्टिकलमध्ये रमतात. वर्कशॉप कॅल्क्युलेशन, ड्रॉइंग आणि एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स (ज्यात भाषा आणि संवाद येतो) मात्र पासापुरते उरतात. पुढे नुकसान होतं ते इथेच.

गणित कामाच्या उदाहरणावरच शिका. विहिरीवर 1 एचपीची सिंगल फेज मोटर आहे, मीटरपासून अंतर 100 मीटर, चालताना करंट साधारण 7 अँपिअर. तांब्याची रोधकता 0.0172 धरा, म्हणजे 1 चौरस मिमी जाडीच्या 1 मीटर वायरीचा रोध 0.0172 ओहम. वायर जाऊन परत येते, म्हणून लांबी 200 मीटर. हे परत येणं विसरलं की उत्तर निम्मं येतं, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दीडच्या (1.5 चौरस मिमी) वायरीला 0.0172 × 200 ÷ 1.5 = सुमारे 2.3 ओहम. 7 अँपिअरला 16 व्होल्ट पडतात, म्हणजे 230 मधले 7 टक्के. तेवढ्यावर मोटर चालते, पण सुरू होताना करंट पाचपट मागते. व्होल्टेज पडलं की करंटही थोडा घटतो, म्हणून पूर्ण पाचपट मिळत नाही; तरी तेव्हा टोकाला जेमतेम 170 व्होल्ट उरतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: 170 भागिले 230, त्याचा वर्ग 0.55. निम्म्याच्या आसपास जोर! मोटर गुणगुणते, उचलत नाही, वाइंडिंग तापून जळतं. शेतकरी मोटरला दोष देतो आणि रिवाइंडिंगचे पैसे भरतो. हेच गणित चारच्या वायरीला करून पाहा: रोध 0.86 ओहम, चालताना पडतात फक्त 6 व्होल्ट. रोज असं एक उदाहरण, अंतर आणि एचपी बदलून, वहीत सोडवा.

ड्रॉइंगसाठी स्वतःच्याच घराचा वायरिंग नकाशा 1:50 प्रमाणात काढा. त्यावरून वायर, पाइप, बॉक्स मोजा आणि घरात टेप लावून ताडून बघा. स्विचबोर्डपर्यंत खाली उतरणारी वायर सपाट नकाशात दिसत नाही. ती धरली नाही तर माल हमखास कमी पडतो.

इंग्रजीची सुरुवात मोटरच्या नेमप्लेटपासून करा. क्लास एफ म्हणजे इन्सुलेशन 155 अंश सेल्सिअसपर्यंतचं, एस-1 म्हणजे सतत चालणारी. कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा.

मराठीही इतकीच लागते. इस्टिमेट लिहिताना पॉइंटच्या दरात काय धरलंय, भिंत फोडल्यावर प्लास्टर कोण भरणार, वाढीव पॉइंटला किती, हे साध्या वाक्यांत लिहा आणि काम सुरू करण्याआधी सही घ्या. बहुतेक भांडणं न लिहिलेल्या प्लास्टरवरून होतात.

पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असेल तर पहिल्या वर्षाचं गणित वर्गात मिळणार नाही. आधीच्या सुट्टीत त्रिकोणमिती आणि डेरिव्हेटिव्ह करून घ्या. पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्यातल्या कोनाचा कोसाइनच आहे.